नवं यकृत, जुनं वायरिंग

समजा, आपल्या लॅबमधल्या एका पी.सी.चा एस.एम.पी.एस. उडाला. लॅब असिस्टंटने नवा आणून बसवला. चार महिन्यांनी तोही उडाला. पुन्हा नवा, पुन्हा तेच. आता फर्स्ट इयरचा पोरगासुद्धा सांगेल, की बाबा रे, एस.एम.पी.एस.ला कशाला शिव्या देतोस, त्या सॉकेटला येणारं व्होल्टेज तपास! इतकी साधी गोष्ट. पण हाच बिघाड माणसाच्या पोटात, उजव्या बरगड्यांखाली झाला, की आपण सगळे, म्हणजे तुम्ही, मी आणि पेशंटला बघायला शहाळं घेऊन जाणारे यच्चयावत नातेवाईक, "नवीन लिव्हर बसवलं ना? मग झालं की!" असं म्हणून मोकळे होतो.

तर मित्रांनो, हा लेख त्या 'मग झालं की'बद्दल आहे. फॅटी लिव्हरमुळे ज्यांचं यकृत पार निकामी झालं आणि म्हणून ज्यांना दुसऱ्या माणसाचं यकृत बसवावं लागलं, अशांपैकी बहुतेकांच्या नव्या यकृतातही काही वर्षांत चरबी परत साठते. वेगवेगळ्या अभ्यासांचे आकडे एकत्र केले, तर पाच वर्षांनंतर दहातल्या साधारण आठ जणांत ती सापडते. सर्जनचा हात चुकलेला नसतो, डोनरचं यकृत खराब नसतं. पार्ट चांगला, फिटिंग परफेक्ट. मग बिघाड आहे कुठे?

आधी थोडी थिअरी (घाबरू नका, वायवाला विचारणार नाही). यकृत म्हणजे साधारण दीड किलोचा, शरीरातला सर्वांत कामसू अवयव. साखर साठवणं, ती लागेल तशी सोडणं, पित्त तयार करणं, औषधं आणि दारू निकामी करणं, रक्त गोठवणारी प्रथिनं बनवणं, सगळं एकाच छपराखाली. त्याच्या ५ टक्क्यांहून जास्त पेशींत चरबीचे थेंब दिसले, की त्याला 'फॅटी' म्हणतात. पुष्कळ लोक ही चरबी आयुष्यभर बाळगतात आणि त्यांना काही होत नाही. काहींच्या यकृताला मात्र सूज येते, सुजेच्या जागी व्रण होतात, व्रणांवर व्रण होतात, आणि पंधरा-वीस-तीस वर्षांनी ते मऊ यकृत गाठाळ, टणक होऊन बसतं. तोच सिऱ्हॉसिस. मग पोटात पाणी, रक्ताच्या उलट्या, भ्रम. त्याच्या पुढे उपाय एकच, ट्रान्सप्लांट.

१९८० साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधले पॅथॉलॉजिस्ट लुडविग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २० पेशंटांची यकृतं मायक्रोस्कोपखाली बघून लिहिलं, की ही हुबेहूब दारुड्यांच्या यकृतासारखी दिसतात, पण ही माणसं तर पीत नाहीत! त्यांनी नाव दिलं 'नॉन-अल्कोहोलिक स्टिॲटोहेपॅटायटिस'. म्हणजे रोग काय 'नाही' एवढंच सांगणारं नाव. पुढची ४३ वर्षं तेच चाललं. २०२३ मध्ये जगभरच्या यकृततज्ज्ञांनी ते बदलून 'मेटाबॉलिक डिसफंक्शन-असोसिएटेड' असं सुरू होणारं आणखी लांबलचक नाव ठेवलं. उच्चारताना जीभ अडखळते खरी, पण एक फायदा झाला. नावातच पत्ता आला, की बिघाड चयापचयाचा आहे, यकृत फक्त तो सोसतं. असो. आपण 'फॅटी लिव्हर'च म्हणू.

आता केमिकलवाल्यांनी जरा पुढे सरकून बसावं, कारण सगळी गोम मास बॅलन्समध्ये आहे. इनपुट वजा आउटपुट बरोबर ॲक्युम्युलेशन. यकृतातली चरबी येते कुठून? २००५ साली अमेरिकेत मोजक्याच पेशंटांवर, पण फार सुंदर, असा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. आयसोटोपची खूण लावलेले रेणू शरीरात सोडायचे आणि नंतर यकृताच्या तुकड्यात कुठली खूण किती सापडते ते मोजायचं. उत्तर आलं ते असं : ५९ टक्के चरबी शरीराच्या साठ्यातून, म्हणजे पोटावरच्या वगैरे चरबीतून सुटून रक्तावाटे आलेली. २६ टक्के यकृताने स्वतःच साखरेपासून बनवलेली. आणि जेवणातल्या तेलातुपातून थेट आलेली फक्त १५ टक्के! (हे वाचून कॅन्टीनकडे धावू नका. तिथला वडापाव आधी पोटावर साठतो आणि मग त्या ५९ टक्क्यांत सामील होतो.)

आउटपुट दोनच. एकतर यकृत चरबी जाळतं, नाहीतर तिची पुडकी बांधून रक्तात रवाना करतं. हे दोन्ही मार्ग पूर्ण क्षमतेने चालले तरी आवक जास्त झाली, की टाकी भरणारच.

आवक जास्त का होते? तर कंट्रोल सिग्नल बिघडतो म्हणून. जेवण झालं की इन्सुलिन वाढतं आणि ते चरबीच्या पेशींना सांगतं, 'आता माल सोडणं बंद करा.' ज्यांच्या शरीरात इन्सुलिनला दाद मिळत नाही, त्यांच्या चरबीच्या पेशी हा निरोप ऐकून न ऐकल्यासारखं करतात. झडप अर्धी उघडीच. स्वादुपिंड बिचारं आणखी जोरात ओरडतं, इन्सुलिन आणखी वाढतं. आणि गंमत बघा, यकृत त्या ओरडण्यातलं सोयीचं तेवढंच ऐकतं. 'साखर सोडू नकोस' हे ऐकू येत नाही, 'चरबी बनव' हे मात्र व्यवस्थित ऐकू येतं! दोन्हीकडून मार.

ट्रान्सप्लांट म्हणजे या अख्ख्या प्लँटमधली फक्त टाकी बदलणं. पाइपलाइन तीच, झडप तीच, कंट्रोलर तोच. नवी टाकी पहिल्या दिवशी स्वच्छ असते, पण तिच्यात येणारा प्रवाह जुनाच असतो.

हे नुसतं ॲनॉलॉजीचं बोलणं नाही, याला पुरावा आहे, तोही आपल्या पद्धतीचा. लॅबमध्ये रॅम खराब की मदरबोर्ड खराब हे कसं ठरवतो आपण? अदलाबदल करून. इथे निसर्गाने आणि सर्जन लोकांनी मिळून ती अदलाबदल दोन्ही दिशांनी करून दाखवली आहे. चांगलं यकृत फॅटी लिव्हरच्या पेशंटात गेलं, की त्यात चरबी साठते, हे तर झालंच. पण उलटंही होतं. कधीकधी ब्रेन डेड डोनरच्या यकृतात थोडीफार चरबी असते आणि तरी ते स्वीकारलं जातं. असं यकृत जर चयापचय ठीक असलेल्या माणसाच्या शरीरात गेलं, तर काही आठवडे-महिन्यांत त्यातली चरबी आपोआप कमी होते! तेच यकृत, शरीर नवं, आणि टाकी रिकामी. याहून स्वच्छ फॉल्ट आयसोलेशन मी तरी कुठल्या प्रॅक्टिकलमध्ये पाहिलेलं नाही.

अजून एक भानगड. पूर्वी कित्येक पेशंटांच्या फाइलवर 'कारण अज्ञात' असा शेरा असायचा. सिऱ्हॉसिस आहे, पण दारू नाही, कावीळ ब नाही, क नाही, काहीच सापडत नाही. शेवटच्या टप्प्यात यकृतातली चरबी विरून जाते, त्यामुळे मायक्रोस्कोपखालीही फक्त व्रण दिसतात. चोर पळून गेलेला, घर तेवढं विस्कटलेलं. मग यांच्यापैकी अनेकांना ट्रान्सप्लांट झाल्यावर काही वर्षांनी नव्या यकृतात चरबी दिसायला लागली. २००१ च्या सुमाराला असे अहवाल आले आणि डॉक्टरांनी मागे वळून बघितलं. या लोकांना बहुतांशी आधीपासून मधुमेह होता, वजन जास्त होतं. म्हणजे रोग परत आला तेव्हा कळलं, की मुळात तो कोणता होता!

याची तुलना कावीळ क बरोबर करण्यासारखी आहे. तो व्हायरस रक्तात असताना ट्रान्सप्लांट केलं, तर नव्या यकृतात तो जवळजवळ हमखास परत यायचा. २०१३ च्या अखेरीस अमेरिकेत सोफोस्बुविर नावाच्या गोळीला मान्यता मिळाली, तिच्या जोडीने इतर गोळ्या आल्या, आणि आता साधारण १२ आठवड्यांत ९० टक्क्यांहून जास्त पेशंटांचा व्हायरस कायमचा जातो. प्रश्न मिटला. कारण तिथे मारायला बाहेरचा कुणीतरी शत्रू होता. फॅटी लिव्हरमध्ये मारणार कुणाला? स्वतःच्याच शरीराला?

उलट ट्रान्सप्लांटनंतर परिस्थिती थोडी आणखी बिघडते, आणि त्याला जबाबदार असतात जीव वाचवणारी औषधं. शरीराने नवं यकृत परकं समजून नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबून ठेवावी लागते. सुरुवातीचे काही महिने स्टेरॉइड्स. त्यांनी भूक वाढते, साखर वाढते. मुख्य औषध टॅक्रोलिमस. जपानमधल्या त्सुकुबा पर्वताजवळच्या मातीतल्या एका जीवाणूपासून १९८४ मध्ये ते सापडलं. १९६३ मध्ये डेन्व्हरला माणसावरचं पहिलं यकृत प्रत्यारोपण करणाऱ्या थॉमस स्टार्झल यांनीच १९८९ मध्ये पिट्सबर्गला ते पेशंटांना द्यायला सुरुवात केली आणि ट्रान्सप्लांटचं चित्र पालटलं. पण ते ज्या एन्झाइमला रोखून पांढऱ्या पेशींना थंड करतं, तेच एन्झाइम स्वादुपिंडात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींनाही लागतं. म्हणजे आधीच निरोप ऐकू येत नव्हता, आता निरोप देणाराही दमला. आधी मधुमेह नसलेल्या अनेकांना तो ट्रान्सप्लांटनंतर होतो. औषध बंद करावं तर यकृत जातं. त्यामुळे डोस शक्य तितका कमी ठेवायचा, स्टेरॉइड लवकर उतरवायचं, एवढंच डॉक्टरांच्या हातात राहतं. इंजिनिअरिंगच्या भाषेत याला ट्रेड-ऑफ म्हणतात. पेशंटच्या भाषेत काय म्हणतात, ते मला माहीत आहे, कारण आमच्या घरात हे झालंय.

माझे मामा माळकरी. आयुष्यात दारूचा थेंब नाही. तरी सिऱ्हॉसिस निघाला तेव्हा गावात कुजबुज झालीच, की 'आतून घेत असणार'. मामींना त्या आजारापेक्षा ही कुजबुज जास्त लागली. मामेभाऊ स्वतःचं यकृत द्यायला पुढे आला, तर तपासणीत त्याच्याच यकृतात चरबी सापडली! डॉक्टरांनी सांगितलं, आधी वजन उतरव, मग बघू. पठ्ठ्याने दहा आठवड्यांत आठ किलो उतरवले. साखर बंद, भात बंद, पहाटे टेकडी. दुसऱ्या तपासणीत यकृत स्वच्छ. मग ऑपरेशन झालं आणि त्याच्या यकृताचा उजवा भाग, साधारण ६० टक्के, मामांच्या पोटात गेला.

त्यानंतर जे झालं, ते कुठल्याही मराठी घरात झालं असतं. दोन वर्षं ज्या माणसाला बिनमिठाचं जेवण आणि तेही दोन घास, तो माणूस आता पोटभर जेवतोय याचाच केवढा आनंद! सत्यनारायण झाला. जो येईल तो काहीतरी करून आणतोय. साजूक तुपातला शिरा, पुरणपोळी, 'अहो घ्या हो, आता काय भीती'. सिऱ्हॉसिसमध्ये दंडा-मांड्यांचे स्नायू आधीच झडलेले असतात. त्यामुळे परत आलेलं वजन स्नायूंचं नसतं, बहुतेक चरबीचंच असतं. दीड वर्षात मामा ६१ वरून ७७ किलोंवर. सगळे म्हणायचे, तब्येत किती सुधारली. दुसऱ्या वर्षीच्या सोनोग्राफीत रिपोर्ट आला : फॅटी लिव्हर, ग्रेड वन. मामेभाऊ रिपोर्ट वाचून बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "अरे, मी दिलं तेव्हा क्लीन होतं रे ते."

आता कुणी म्हणेल, मग ट्रान्सप्लांट करायचंच कशाला? तर तसं अजिबात नाही. नव्या यकृतातल्या चरबीमुळे ते यकृतच निकामी झालं, असं तुलनेने क्वचित घडतं, निदान पहिल्या काही वर्षांत तरी. काहींच्या यकृतात सूज आणि व्रण परत येतात, ते मात्र जपावं लागतं. पण अशा पेशंटांना पुढे जास्त धोका असतो तो हृदयविकाराचा. कारण बिघाड अख्ख्या सिस्टिममध्ये आहे, यकृत हा फक्त त्याचा एक इंडिकेटर. म्हणून फॉलो-अपला गेल्यावर डॉक्टर यकृताबरोबर बी.पी., कोलेस्टेरॉल, साखर, कमरेचा घेर हे सगळं विचारत बसतात. पेशंटला वाटतं, हे भलतंच काय!

इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांसाठी एक खास गोष्ट. रक्ताची तपासणी नॉर्मल असतानाही यकृतात चरबी असू शकते, आणि साध्या सोनोग्राफीला चरबी थोडी असेल तर ती दिसत नाही. म्हणून फायब्रोस्कॅन नावाचं फ्रेंच मशीन वापरतात. बरगड्यांच्या मध्ये प्रोब टेकवायचा, तो ५० हर्ट्‌झचा छोटासा धक्का देतो, त्याची शिअर वेव्ह यकृतातून पुढे सरकते आणि अल्ट्रासाउंडने तिचा वेग मोजायचा. यंग्ज मॉड्युलस बरोबर तीन गुणिले घनता गुणिले वेगाचा वर्ग. घनता पाण्याइतकी धरा. वेग सेकंदाला १.३ मीटर आला, तर कडकपणा साधारण ५ किलोपास्कल, म्हणजे यकृत मऊ. वेग २.६ आला, तर २० किलोपास्कल, म्हणजे सिऱ्हॉसिसचा दाट संशय. वेग दुप्पट, कडकपणा चौपट. स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्सचा तास झोपून काढणाऱ्यांनी नोंद घ्यावी! त्याच झटक्यात अल्ट्रासाउंड किती क्षीण होतो, यावरून चरबीचाही अंदाज मिळतो. ट्रान्सप्लांट झालेल्या यकृतात मात्र जरा सांभाळून. तिथे रिजेक्शनमुळे किंवा पित्तनलिका तुंबल्यामुळेही कडकपणा वाढतो, त्यामुळे शंका असली की शेवटी सुई घालून तुकडा काढावाच लागतो.

उपाय? पहिला उपाय जुनाच आणि कंटाळवाणा. २०१५ मध्ये क्यूबातल्या डॉक्टरांनी २९३ पेशंटांना (हे ट्रान्सप्लांटवाले नव्हते, स्वतःचंच यकृत असलेले) वर्षभर आहार-व्यायामावर ठेवलं. ज्यांनी १० टक्के वजन उतरवलं, त्यांच्यापैकी बहुतेकांची यकृताची सूज गेली आणि जवळजवळ निम्म्यांचे व्रणसुद्धा मागे हटले. पण १० टक्के उतरवणं जमलं किती जणांना? दहातल्या साधारण एकाला. इच्छाशक्तीवर व्याख्यान देणाऱ्यांनी हा आकडा आधी पाठ करावा, असं माझं प्रामाणिक मत आहे. मेयो क्लिनिकने २०१३ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. ट्रान्सप्लांटच्या आधी ज्यांनी कष्टाने वजन उतरवलं होतं, अशा ३४ पैकी २१ जणांचं वजन नंतर पुन्हा लठ्ठपणाच्या वरच्या पातळीला पोचलं. याउलट ७ जणांचं ट्रान्सप्लांटच्या वेळीच जठरही लहान केलं होतं, त्यांचं वजन उतरलेलंच राहिलं आणि यकृतात चरबी आली नाही. सातच माणसं, हे खरं. एकाचं जठर शिवलेल्या जागी गळलंही. पण वायरिंगला हात घातला की फरक पडतो, एवढं त्यातून नक्की दिसतं.

औषधं आता कुठे येऊ लागली आहेत. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत रेसमेटिरोम या गोळीला मान्यता मिळाली, ऑगस्ट २०२५ मध्ये सेमाग्लुटाइड या वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनला. दोन्ही मान्यता सूज आणि मध्यम ते बऱ्यापैकी व्रण असलेल्यांसाठी, सिऱ्हॉसिस होण्याआधीच्या टप्प्यासाठी. ट्रान्सप्लांट झालेल्या पेशंटांवरचा अनुभव अजून थोडा आहे, आणि टॅक्रोलिमस चालू असताना नवं औषध सुरू करायचं म्हणजे रक्तातली पातळी बघत बघतच.

हे सगळं आपल्या मासिकात कशाला, असं वाटेल. एक कारण असं, की भारतात यकृतं बहुतेक जिवंत डोनरकडून येतात. १९९८ मध्ये दिल्लीत देशातलं पहिलं यशस्वी यकृत प्रत्यारोपण झालं ते एका लहानग्यावर, आणि यकृत दिलं होतं त्याच्या वडिलांनी. आज पुष्कळदा प्रवाह उलटा वाहतो. वडील पेशंट, मुलगा किंवा मुलगी डोनर. कायद्याने वय १८ पूर्ण लागतं, म्हणजे आपलं अख्खं कॉलेज त्यात बसतं. आणि 'मी तर बारीक आहे' असं म्हणणाऱ्यांसाठी पुण्याच्या के.ई.एम. हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा २००४ सालचा 'लॅन्सेट'मधला फोटो शोधून बघा. दोघांचाही बी.एम.आय. २२.३, अगदी सारखा. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! बारीक दिसणाऱ्या भारतीयाच्या पोटात किती माल दडलेला असतो, हे वजनकाटा सांगत नाही. कमरेला टेप लावावी लागते. पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांना ८० ही आपल्या लोकांसाठीची रेघ आहे.

मामा सध्या रोज सकाळी तासभर चालतात आणि आठवड्यातून तीन दिवस रबरी पट्टा ओढून दंडांचे व्यायाम करतात. वजन ७१ वर आलंय, शेवटची सोनोग्राफी अजून ग्रेड वनच आहे, पण कडकपणा ५.४ किलोपास्कल, म्हणजे मऊ. मामेभावाच्या पोटात उरलेलं ४० टक्के यकृत काही महिन्यांतच वाढून जवळपास पहिल्याएवढं झालं होतं. लग्नानंतर त्याने उतरवलेल्या आठ किलोंपैकी पाच परत आले आहेत. त्याचं स्कॅन पुढच्या महिन्यात आहे, आणि या वेळी मामाच त्याला घेऊन जाणार आहेत.